लक्ष नव्हतं

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, आमच्याकडे कुणी घरात बसत नाही. डबे बांधायचे, लेकी-जावयांना पुढे घालायचं आणि डोंगरातून चालत एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं. त्या दिवशी घरात सापडलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर घरच्यांशी भांडलेला. तूलियो त्या सोमवारी आजारी पडायला तयार होता. उठल्या उठल्या त्याने उजवा गुडघा धरला.

"आगगाडीने जाऊ या," तो म्हणाला. "कोर्नील्या म्हणजे पुढचंच गाव, मधे एक बोगदा. डोळे मिटून उघडेपर्यंत तुझ्या बहिणीच्या दारात."

त्याची बायको इल्दे पालेभाजी आणि अख्खी अंडी घालून भाजलेली ईस्टरची तोर्ता फडक्यात बांधत होती. तिने गाठ मारली आणि मगच वर पाहिलं.

"स्टेशनापासून तिच्या दारापर्यंतच्या पायऱ्या कोण चढणार? तिथे गुडघा दुखत नाही वाटतं? आणि रोज तर रुळांवरच असतोस. आज एक दिवस माणसांच्या वाटेने चल."

"आन्येझेला झेपेल का पण?"

"ती पहाटेपासून बूट घालून बसलीय."

नात खरंच दारात बूट घालून बसली होती. मिलानहून आलेली लेक आणि जावई पाण्याच्या बाटल्या भरत होते. तूलियोचा नाइलाज झाला. गुडघा दुखत होता हे काही खोटं नव्हतं, पण त्याला चुकवायची होती ती चढण नव्हे. वोलास्त्रा गाव ओलांडलं की पायवाट द्राक्षमळ्यांतून जाते, थेट त्याच्या स्वतःच्या मळ्याखालून. आणि तिथे, सण असो की सुतक, खालच्या मळ्याचा सेत्तीमियो असणार होता. म्हातारा गेले पाच महिने रोज तिथे असायचा. आणि त्याला तिथे राबायला लावणारा तूलियो होता, हे जगात फक्त तूलियोला माहीत होतं.

आता हा तूलियो म्हणजे काही वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगून टाकते. जन्म मानारोला गावचा, नोकरी रेल्वेत. हातात दिवा घेऊन बोगद्यांतून चालायचं, रुळांना तडा गेलाय का, भिंतीतून पाणी झिरपतंय का ते बघायचं आणि वर कळवायचं, एवढंच काम. बघणं हाच त्याचा धंदा. वडिलोपार्जित द्राक्षमळा सुट्टीच्या दिवशी करायचा. आमच्याकडचा मळा म्हणजे सपाट जमीन नव्हे हो. समुद्रातून सरळ वर उठलेला डोंगर, त्याला पायऱ्यांसारखे टप्पे पाडलेले, आणि प्रत्येक टप्पा दगडी गडग्याने धरून ठेवलेला. त्या गडग्यात ना चुना, ना माती, ना सिमेंट. दगडावर दगड, मधे चिपा, मागे खडी. पाणी त्यातून पाझरून जातं म्हणूनच तो उभा राहतो.

तूलियोचा बाप बात्तिस्ता हे गडगे रचण्यात एवढा वाकबगार होता की लोक अजून चांगल्या गडग्याला "बात्तिस्ताचा आहे का" असं विचारतात. बाप गेला आणि त्याचं बोलणं तेवढं पोराच्या तोंडी आलं. कुणी कुठे सिमेंट लावलेलं दिसलं की तूलियो थांबलाच. मग त्याचं प्रवचन सुरू. "गडग्याला श्वास लागतो. पाणी अडवलंस, की तो तुला आडवा करेल." हे वाक्य गावातल्या शेंबड्या पोरांनाही पाठ आहे. हॉटेलवाले त्याला येताना बघून लपतात.

आणि याच तूलियोने दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, स्वतःच्या गडग्याला सिमेंट लावलं.

गडग्याला पोट सुटलं होतं. नीट करायचं तर पूर्ण उतरवून पुन्हा रचायला हवं होतं, आणि द्राक्षतोडणी तोंडावर आलेली. गुडघे बोंबलत होते. रविवारी दुपारी, सगळा डोंगर जेवून झोपलेला असताना त्याने एकट्याने माल कालवला, पोटाचे दगड काढले, मागे सिमेंट ठोकून भरलं आणि पुढून दगड असे सुरेख बसवले की शेजारी पाजारी म्हणाले, "हुबेहूब बात्तिस्ता!" तूलियोने ते ऐकून घेतलं. नंतर करू नीट, असं मनाशी म्हणाला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि स्वतः कोरडे पाषाण, असं म्हणतात. तूलियो तर कोरडा पाषाणही राहिला नव्हता.

वोलास्त्रापर्यंतच्या चढणीत कुणी फारसं बोललं नाही, कारण बोलायला दम लागतो. वर पोचल्यावर देवळाजवळच्या नळावर सगळे पाणी प्यायले. जावई रुज्जेरो खाली बघत उभा राहिला. टप्प्याखाली टप्पा, टप्प्याखाली टप्पा, आणि सगळ्यात खाली समुद्र. माणूस भला, हिशेबनीस, दर वर्षी नव्याने थक्क होणारा.

"एक कळत नाही मला," तो म्हणाला. "दर पावसात हे कुठे ना कुठे कोसळतं, मग मधे थोडं सिमेंट का नाही घालत?"

इल्देने कपाळाला हात लावला. लेक मार्त्सिया म्हणाली, "झालं. आता जेवायला संध्याकाळ होणार." सगळे तूलियोकडे बघून हसत प्रवचनाची वाट बघू लागले.

"पाणी अडतं," तूलियो म्हणाला आणि चालू लागला.

"बाबा, एवढंच?" मार्त्सिया मागून म्हणाली. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"गुडघा दुखतोय त्याचा," इल्दे म्हणाली. पण ती नवऱ्याच्या पाठीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

तूलियोला चालताना एकच गोष्ट दिसत होती, नोव्हेंबरातली ती सकाळ. तीन दिवस पाऊस कोसळत होता. चौथ्या दिवशी उजाडता उजाडता तो मळ्यावर गेला तर गडगा नव्हताच. अख्खा गडगा, मागची माती, वेली, सगळं खालच्या टप्प्यावर जाऊन पडलं होतं. खालचा टप्पा सेत्तीमियोचा. त्याच्या जुन्या वेली, ज्यांच्या द्राक्षांची तो लग्नाबारशांपुरती गोड वाइन करायचा, त्या दगडांखाली चिरडून गेल्या होत्या. आणि त्या ढिगाऱ्यात वर, अगदी वर, सिमेंटची पांढुरकी ढेकळं पडली होती. दुरून कुणालाही दिसली असती.

तूलियोने त्या वेळी पहिलं काम काय केलं? सेत्तीमियोला हाक मारली नाही. वेली बघितल्या नाहीत. त्याने ती ढेकळं उचलली, एकेक करून, सिमेंट चिकटलेला दगडसुद्धा ठेवला नाही, आणि बाजूच्या घळीत फेकून दिली. ओढा फुगलेला होता. ओढ्याने ती सगळी समुद्रात नेऊन घातली. मग त्याने सगळं आवरून हात धुतले.

इथवर समजा माफ करता येईल. माणूस घाबरतो. पण पुढचं ऐका.

आमच्याकडे वरच्याचा गडगा आणि खालच्याचा चर, असा जुना शिरस्ता आहे. गडग्याच्या पायथ्याशी पाणी वाहून जायला चर असतो, तो खालच्या मळेवाल्याने पावसाआधी साफ करायचा. चर तुंबला तर पायथा भिजतो आणि वरचा गडगा बसतो. म्हणून गडगा पडला की लोक आधी विचारतात, चर कुणाचा होता? आणि ज्याचा दोष, त्याने गडगा उभा करून द्यायचा.

सेत्तीमियो त्या सकाळी काठी टेकत आला आणि ढिगाऱ्यापुढे उभा राहिला. पंचाहत्तरीचा माणूस. सप्टेंबरात त्याची बायको नीवेस गेली होती, त्याला दोन महिनेही झाले नव्हते. त्याने काठीने एक चिरडलेली वेल उचलून पाहिली. मग म्हणाला,

"तूलियो, मी चर साफ केला होता असं मला वाटतंय."

तूलियोने ओले हात पँटला पुसले.

"ऑक्टोबरात. असं वाटतंय मला. पण त्या दिवसांत मी कुठे होतो, काय खात होतो, ते माझं मला ठाऊक नाही. तू येता-जाता असतोस इथून. मला साफ करताना बघितलंस का कधी?"

बघितलं होतं. चांगलं बघितलं होतं. ऑक्टोबरात एका दुपारी तूलियो वरून उतरत होता आणि खाली सेत्तीमियो गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चरातला गाळ उपसत होता. तूलियोने मुद्दामच हाक मारली नव्हती. हाक मारली असती तर म्हातारा वर बघून गडग्याचं कौतुक करत बसला असता.

"नाही, बार्बा," तूलियो म्हणाला. आमच्याकडे वडीलधाऱ्याला बार्बा म्हणतात, काका म्हणतो तसं. "लक्ष नव्हतं माझं."

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मग नसेलच केला," तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने तूलियोचा गडगा उभा करायला घेतला.

तूलियो नको नको म्हणाला. म्हणणारच. पण का नको ते सांगता येईना, मग त्या नकोला किंमत काय? तो रविवारी मदतीला जाऊ लागला. त्यावर गावात काय बोललं जावं? "तूलियो देवमाणूस. चूक म्हाताऱ्याची, पण तक्रार नाही, उलट स्वतः दगड उचलतो." बारमध्ये त्याच्या कॉफीचे पैसे घेईनात. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर खाल्लेल्याला लोक वर आणखी भरवत होते. तूलियोची झोप गेली. बोगद्यातून चालताना तो स्वतःशी बोलायचा. सांगू, पुढच्या रविवारी सांगू. पुढच्या रविवारी म्हातारा म्हणायचा, "तुझ्यासारखा शेजारी आहे म्हणून," आणि तूलियो पुढचा दगड उचलायचा.

पायवाटेच्या वळणावर हातोड्याचा आवाज आला. ठक, ठक, मग थोडी विश्रांती, मग ठक. आन्येझे पुढे पळाली.

सेत्तीमियो गडग्यापाशी एका खोक्यावर बसून दगडाची कड काढत होता. गडगा छातीएवढा वर आला होता. चांगला आला होता, सावकाश रचलेला, प्रत्येक दगड खालच्या दोघांवर नीट बसलेला. त्याने सगळ्यांना बघितलं, टोपी काढली आणि लगेच उठून बसायला जागा करू लागला.

"या, या. इल्दे, किती वाळलीस गं. आणि ही मार्त्सियाची का? केवढी झाली. थांबा, वाइन आणली आहे मी." तो खोपटात गेला, बाटली घेऊन आला, दाराला कडी घातली आणि आन्येझेकडे वळला. "मी दाराला कडी घातली. बघितलंस ना?"

"हो," आन्येझे म्हणाली.

"शाबास."

त्याने खोपटाबाहेरच्या नळावर पेले धुतले आणि नळ बंद केला. "नळ बंद केला. बघितलंस ना?"

"बघितलं," ती म्हणाली. तिला तो खेळ वाटला.

मार्त्सियाने आईकडे पाहिलं. इल्देने डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं. सेत्तीमियोच्या ते लक्षात आलं.

"हसू नका हं," तो म्हणाला. तो स्वतः हसत होता. "दोनातेल्लाने सांगितलंय. काही केलं की मोठ्याने बोलायचं आणि कुणाला तरी विचारायचं. म्हणजे नंतर घोळ होत नाही. लेक माझी हुशार आहे. चराच्या त्या प्रकरणानंतर मला माझाच भरवसा राहिला नाही बघा. केल्यासारखं वाटतं आणि केलेलं नसतं. एकदा मध्यरात्री उठून गॅस बघायला गेलो, बंद होता. पण बंद होता हे मला पटेना, तसाच बसून राहिलो समोर."

"सगळ्यांचंच होतं तसं, बार्बा," इल्दे तोर्ता कापत म्हणाली. "मी तर चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधते."

"तू शोधतेस. मी गडगा पाडला." त्याने पेले भरले. "असो. येत्या रविवारी दोनातेल्ला येतेय न्यायला. जेनोव्हाला, तिच्याकडे. पाचवा मजला, पण लिफ्ट आहे. मळा तिने कुणाला तरी द्यायचं ठरवलंय. बरोबरच आहे तिचं. ज्याला चर आठवत नाही त्याने मळा कशाला ठेवावा? त्याआधी तुझा गडगा पुरा करून देतो, तूलियो. दोन ओळी राहिल्यात."

तूलियोच्या हातात पेला होता. तो त्याने दगडावर ठेवला. येत्या रविवारी. ज्या माणसाने जन्मात एक रात्र मानारोलाबाहेर काढली नाही, तो जेनोव्हाच्या पाचव्या मजल्यावर बसून कुणाला तरी विचारत राहणार, कडी घातली, बघितलंस ना. आणि ते कुणामुळे? आता नाही बोललो तर मी माणूसच नव्हे, असं तूलियोला वाटलं. बायको-मुलं समोर होती, जावई समोर होता. असू देत.

"बार्बा, चर तुम्ही साफ केला होता," तो म्हणाला.

"काय?"

"केला होता तुम्ही साफ. मी बघितलं होतं तुम्हाला, ऑक्टोबरात. गडगा पडला तो माझ्यामुळे. मी मागे सिमेंट घातलं होतं. पाणी तुंबलं आणि गेला."

रुज्जेरो घास तोंडात धरून राहिला. इल्देने मान वळवली आणि समुद्राकडे बघू लागली. तिने एका क्षणात विश्वास ठेवला होता. नवऱ्याबरोबर पस्तीस वर्षं काढलेल्या बाईला पुरावा लागत नाही, आणि या पाच महिन्यांतलं त्याचं कुशीवर कुशी बदलणं तिने मोजलं नसलं तरी ऐकलं होतं.

सेत्तीमियो खोक्यावरून उठला. त्याचं तोंड हळूहळू उघडलं, आणि मग तो हसला, आधी नुसताच, मग मोठ्याने. "केला होता," तो म्हणाला. "मी म्हणत होतो ना. गाळ काळा होता आणि त्यात अंजिराची पानं होती, इथवर आठवत होतं मला. मला वाटलं ते आदल्या वर्षीचं असेल. केला होता मी." त्याने आन्येझेचा हात धरून हलवला. "ऐकलंस? केला होता मी साफ." मग तो तूलियोकडे वळला. "आणि सिमेंट? तू? बात्तिस्ताचा पोरगा? लाज वाटायला हवी होती तुला. अरे, बाप कबरीत कूस बदलून झोपला असेल." पण त्याच्या आवाजात राग नव्हता. अर्ध्या डोंगराने कधी ना कधी चोरून थापी चालवलेली आहे, आणि म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं. "जाऊ दे. सिमेंटचं मी काही मनावर घेत नाही. गडगा काय, पुन्हा उभा राहतो."

तूलियोच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं त्याला वाटलं.

मग म्हातारा हसायचा थांबला.

"पण मी तुला विचारलं होतं," तो म्हणाला. "इथेच उभा राहून विचारलं होतं."

"हो."

"तू म्हणालास, लक्ष नव्हतं."

"हो, बार्बा. खोटं बोललो."

सेत्तीमियो त्याच्याकडे बघत राहिला. तूलियोला वाटलं, एक थोबाडीत द्यावी यांनी, बरं होईल. म्हाताऱ्याने खिशातून फोन काढला. "दोनातेल्लाला सांग," तो म्हणाला. "आत्ता. मला सांगून उपयोग नाही, तिला सांग. ती रविवारी येतेय." त्याने नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन तूलियोपुढे धरला.

दोनातेल्ला तूलियोपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, याच गल्ल्यांत वाढलेली. तूलियोने तिला सगळं सांगितलं. ऑगस्ट, सिमेंट, ऑक्टोबर, चर, ढेकळं. भराभर सांगितलं, थांबलो तर पुढे सांगता येणार नाही या भीतीने.

"तूलियो," शेवटी ती म्हणाली, "बाबांनी सांगायला लावलं का तुला हे?"

"नाही. मी आपणहून सांगतोय."

"बरं." ती मऊ आवाजात बोलत होती, दवाखान्यात बोलतात तशी. "हे बघ, तू किती केलंस बाबांसाठी, मला सगळं कळलंय. गाव सांगतं. तू भला आहेस म्हणूनच हे बोलतोयस. पण असं नको करूस."

"मी खरं सांगतोय, दोनातेल्ला. मी सिमेंट लावलं."

"तू?" तिला हसू आलं, ते तिने आवरलं. "अरे, लहानपणी आम्ही वाळूचे किल्ले करायचो तेव्हासुद्धा पाणी घालू द्यायचा नाहीस. तू सिमेंट लावलंस हे मी कुणाला सांगितलं तर मलाच डॉक्टरकडे नेतील."

"ढेकळं होती. मी घळीत फेकली."

"आहेत अजून तिथे?"

"नाही. ओढ्याने नेली."

"हं," ती म्हणाली. "डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांच्या हो-ला हो करू नका, त्याने जास्त गोंधळ होतो. त्यांना मळा सोडवत नाही, आणि तुला त्यांचं बघवत नाही. कळतं मला. देव तुझं भलं करो. बाबांना म्हणावं, रविवारी येते मी, गरम कपडे वर काढून ठेवा." आणि फोन बंद झाला.

वेलींत कुठेतरी पाखरं ओरडत होती. रुज्जेरो उठून समुद्राकडच्या कडेला जाऊन उभा राहिला. मार्त्सिया डबे भरू लागली, जरा जास्तच आवाज करत.

"ती ऐकेल," तूलियो म्हणाला. "मी जेनोव्हाला जातो. उद्याच जातो. तोंडावर सांगतो तिला."

"तिला कशाला त्रास देतोस," सेत्तीमियो म्हणाला. फोन अजून त्याच्या हातात होता आणि तो त्याच्याकडे बघत होता. मघाचं हसू चेहऱ्यावर राहिलं नव्हतं. "तूलियो, तू खरंच बघितलं होतंस मला? की ती म्हणते तसं आहे?"

"खरंच बघितलं, बार्बा. तुमची पाठ होती माझ्याकडे. निळा स्वेटर होता अंगात."

"निळा तर मी रोजच घालतो."

"अंजिराची पानं..."

"ती मी सांगितली तुला, आत्ताच." म्हातारा थकून खोक्यावर बसला. आवाजात आरोप नव्हता, तो खरोखरच विचारत होता. "नोव्हेंबरात म्हणालास, लक्ष नव्हतं. आता म्हणतोस, बघितलं. दोन्ही वेळा असाच माझ्याकडे बघून म्हणालास. यातलं कुठलं खरं धरू मी? तूच सांग."

तूलियोने इल्देकडे पाहिलं. ती अजूनही समुद्राकडे बघत होती आणि वळली नाही.

"आत्ताचं," तो म्हणाला. "आत्ताचं धरा, बार्बा."

सेत्तीमियोने मान डोलावली. हल्ली कुणीही काहीही सांगितलं तरी तो अशीच मान डोलवायचा.